ठाण्यात बसणार कोण? युद्धानंतर पोलीस दल उभारणं इतकं अवघड का असतं

३० सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने हैती या कॅरिबियन देशासाठी एक नवं दल मंजूर केलं. काम टोळ्यांचा बंदोबस्त, संख्या साडेपाच हजारांपर्यंत. बारा देश बाजूने, विरोधात कुणी नाही. चीन, रशिया आणि पाकिस्तान तटस्थ. ही बातमी वाचणाऱ्याला पडणारा प्रश्न अगदी साधा आहे. तिथे केनियाचे पोलीस आधीच गेले होते ना? त्याच्याही आधी शांतिसेना तेरा वर्षं मुक्काम ठोकून होती ना? आणि हैतीचे स्वतःचे पोलीस? ते तर १९९५ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स यांच्या मदतीने कोरे करकरीत उभे केले होते. मग तीस वर्षांत झालं काय?

ही कहाणी एकट्या हैतीची नाही. बोस्निया, कोसोवो, पूर्व तिमोर, सिएरा लिओन, लायबेरिया, अफगाणिस्तान... गेल्या तीस-पस्तीस वर्षांत युद्धातून बाहेर पडलेल्या कितीतरी देशांत परक्यांनी येऊन पोलीस दल उभं करून देण्याचा खटाटोप केला. काही ठिकाणी तो बऱ्यापैकी जमला, काही ठिकाणी पैसा पाण्यात गेला. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बाहेरचा माणूस पोलिसाला कवायत शिकवू शकतो, गाड्या देऊ शकतो, काही वर्षं पगारही देऊ शकतो. त्या पोलिसावर वचक कुणाचा राहणार, हे मात्र तो ठरवू शकत नाही. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

पोलीस दल कोसळतं म्हणजे काय होतं?

पोलीस ठाणं आपण गृहीतच धरलेलं असतं. तक्रार लिहून घेतली नाही, चकरा मारायला लावल्या, म्हणून आपण चिडतो. पण ठाणंच नाही, अशी कल्पना आपण करत नाही. युद्ध झालेल्या देशात ती वेळ येते.

कधी पोलीस मारले जातात किंवा जीव वाचवायला पळतात. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या यादवीत शेकडो पोलीस ठार झाले. कधी पोलीस परक्या राजवटीचे असतात आणि ती गेली की तेही जातात. पूर्व तिमोरने ऑगस्ट १९९९ मध्ये सार्वमतात इंडोनेशियापासून वेगळं होण्याचा कौल दिला, त्यावर जाळपोळ आणि कत्तली झाल्या, आणि इंडोनेशियाचे पोलीस निघून गेल्यावर त्या प्रदेशात तक्रार घ्यायलाही कुणी उरलं नाही.

सगळ्यांत वाईट प्रकार तिसरा. पोलीस असतात, भरपूर असतात, पण तेच युद्धातला एक पक्ष असतात. १९९५ च्या अखेरीस डेटन करार होऊन बोस्नियातलं युद्ध थांबलं, तेव्हा तिथे सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) अशी वेगवेगळी पोलीस दलं होती. त्यांतले कितीजण युद्धात लढलेले, काहीजण शेजाऱ्यांना घराबाहेर हुसकावण्यात सामील झालेले. घरी परतू पाहणाऱ्या निर्वासिताला वाटेत नाक्यावर अडवणारा माणूस त्याच गणवेशातला. अशा गावात 'पोलिसांत जा' या सल्ल्याला काय अर्थ उरतो?

मग सैन्यच का नाही बसवत?

बसवतात, आणि सुरुवातीला दुसरा इलाजही नसतो. पण ते फार काळ पुरत नाही. कोसोवो हा तेव्हा सर्बियाचा, पण बहुसंख्य अल्बेनियन वस्तीचा प्रांत. युद्धानंतर जून १९९९ मध्ये तिथे नाटोचे हजारो सैनिक शिरले. तरी पुढचे कित्येक महिने तिथल्या अल्पसंख्य सर्ब आणि रोमा कुटुंबांवर सूडाचे हल्ले चालूच राहिले, घरं जळत राहिली. चौकात रणगाडा उभा करता येतो. रात्री कुणाचं घर कुणी पेटवलं याचा माग काढायला मात्र गल्लीतली माणसं ओळखणारा हवालदार लागतो. पंचनामा, साक्षीदार, मुद्देमाल, चोवीस तासांत कोर्टात हजर करणं, हे सैनिकाचं शिक्षण नव्हे, आणि ते काम त्याच्यावर सोपवलं की तो ते आपल्या पद्धतीने करतो. ती पद्धत कशी असते ते लष्करी राजवटी सोसलेल्या लॅटिन अमेरिकेच्या लोकांना विचारावं.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे पोलीस आहेत का?

जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते बहुतेक सदस्य देशांकडून उसने आणलेले. त्यांचे साधारण तीन प्रकार पडतात, आणि बातम्यांमध्ये हे तिन्ही एकाच नावाखाली येतात म्हणून गोंधळ होतो.

पहिला प्रकार सल्लागारांचा. वेगवेगळ्या देशांतून एकेकटे अधिकारी येतात, बहुधा वर्षभरासाठी. निघण्यापूर्वी त्यांची भाषेची, गाडी चालवण्याची आणि नेमबाजीची परीक्षा होते. ते स्थानिक पोलिसांच्या सोबत बसतात, फिरतात, चुका दाखवतात. बोस्नियात असे सुमारे दोन हजार आंतरराष्ट्रीय पोलीस होते. त्यांच्याकडे ना हत्यार होतं, ना कुणाला अटक करण्याचा अधिकार. दुसरा प्रकार आख्ख्या तुकडीचा: साधारण दीडशे जण, स्वतःची हत्यारं, गाड्या, स्वयंपाकी सगळं घेऊन एका देशातून येतात. दंगल आवरणं, महत्त्वाच्या इमारतींचं रक्षण करणं, गस्त घालणं हे त्यांचं काम. आपल्याकडच्या राज्य राखीव दलाच्या कंपनीसारखं समजा. यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रं त्या त्या सरकारला माणशी दरमहा चौदाशे डॉलरच्या आसपास भरपाई देतात.

तिसरा प्रकार क्वचितच घडलेला: परके पोलीस हेच त्या देशाचे पोलीस. १९९९ मध्ये कोसोवो आणि पूर्व तिमोर इथे हे झालं. तपास त्यांचा, अटक त्यांची, तुरुंगाची किल्लीही त्यांचीच.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात कोसोवोत चाळीसहून अधिक देशांतले पोलीस एकत्र आले. त्यांतल्या कुणाच्या देशात आरोपीला वकील मिळेपर्यंत प्रश्नही विचारायचा नाही, तर कुणाच्या देशात आधी दोन थपडा आणि मग प्रश्न. कायदा कुठला लावायचा यावरच सुरुवातीचे महिने गेले. स्थानिक भाषा जवळजवळ कुणालाच येत नव्हती, त्यामुळे दुभाषा हा ठाण्यातला सर्वांत ताकदवान माणूस झाला. आणि अधिकाऱ्याला परिसर जरा कळू लागला की त्याचं वर्ष भरायचं.

जाता जाता: या सगळ्या कारभारावर न्यूयॉर्कमध्ये एक पोलीस सल्लागार असतो. २००३ ते २००५ या काळात ते पद किरण बेदी यांच्याकडे होतं.

हैतीत नेमकं कुठे फिसकटलं?

हैतीचं उदाहरण जरा तपशिलात पाहू, कारण पुढचे सगळे धडे त्यात आहेत.

हैतीत पोलीस असं वेगळं खातं जवळपास नव्हतंच. ते काम सैन्य करायचं. अमेरिकेने १९१५ ते १९३४ हा देश ताब्यात ठेवला, तेव्हा उभारलेल्या दलातून हे सैन्य आलं होतं. पुढे दुवालिए बापलेकांच्या हुकूमशाहीत तोंतों माकूत नावाचे खासगी गुंड सैन्याच्याही वरचढ झाले. १९९१ मध्ये लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष आरिस्तीद यांना हाकललं. १९९४ मध्ये ते अमेरिकी फौजांच्या बळावर परतले आणि १९९५ मध्ये त्यांनी सैन्यच मोडीत काढलं. आता नवं, नागरी, माणसांना माणसासारखं वागवणारं पोलीस दल उभारायचं होतं.

वेळ मात्र नव्हता. परक्या फौजा लवकर मायदेशी न्यायच्या होत्या, म्हणजे तोवर नवे पोलीस रस्त्यावर दिसले पाहिजेत. चार महिन्यांच्या शिक्षणावर दीडएक वर्षात सुमारे पाच हजार पोलीस तयार केले गेले. हैतीतली प्रबोधिनी अपुरी पडली म्हणून काही तुकड्यांना थेट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात नेऊन शिकवलं. शिपाई तर मिळाले, पण फौजदार कुठून आणणार? चार महिन्यांत शिपाई घडतो. तपासाची डायरी वाचून 'हे साफ खोटं आहे' असं ओळखणारा अधिकारी घडायला दहा वर्षं लागतात. मग मधल्या आणि वरच्या जागांवर जुन्या सैन्यातली माणसं, राजकारण्यांच्या मर्जीतली माणसं आली.

दल तरुण होतं, सुरुवातीला लोकांना त्याचं कौतुकही होतं. पण नेमणुका आणि बढत्या पक्षाच्या निष्ठेवर होऊ लागल्या. अमली पदार्थांचा पैसा आत शिरला. २००४ मध्ये बंडखोर राजधानीवर चालून आले तेव्हा दल वाळूच्या ढिगासारखं विस्कटलं. त्या बंडाचा म्होरक्या गी फिलिप हा त्याच नव्या पोलीस दलातला माजी अधिकारी होता. आज राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या टोळ्यांचा सर्वांत परिचित चेहरा असलेला जिमी शेरिझिए हाही माजी पोलीस. परक्यांनी दिलेलं शिक्षण वाया गेलं असं म्हणता येणार नाही; ते दुसऱ्याच कुणाच्या कामी आलं.

२००४ मध्ये पुन्हा शांतिसेना आली, ती २०१७ पर्यंत राहिली. मध्ये २०१० चा भूकंप झाला. त्याच वर्षी शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेलेल्या मैल्यातून कॉलरा पसरला आणि जवळपास दहा हजार माणसं दगावली. संयुक्त राष्ट्रांनी त्यातला आपला वाटा मान्य केला तो २०१६ मध्ये. परक्यांच्या गणवेशाकडे हैतीची माणसं कोणत्या नजरेने पाहत असतील, ते यावरून कळावं. २०२१ मध्ये अध्यक्ष मोईझ यांची घरात घुसून हत्या झाली आणि उरलीसुरली घडी विस्कटली.

शिक्षण चांगलं दिलं तर प्रश्न सुटत नाही का?

हा सर्वांत स्वाभाविक आक्षेप. याचं उत्तर असं की घरात नवा कोरा नळ बसवला, पण गच्चीवर टाकी नाही आणि खाली मोरीला निचरा नाही, तर त्या नळाचं काय करायचं? पोलीस हा न्यायाच्या साखळीतला दिसणारा भाग आहे. मागे सरकारी वकील, न्यायाधीश आणि तुरुंग लागतात. पोलिसाने चोर पकडला, न्यायाधीशाने लाच घेऊन किंवा जिवाच्या भीतीने सोडला, चोर संध्याकाळी पुन्हा गल्लीत. असं दोन-चारदा झालं की प्रामाणिक पोलीस एक तर हात झटकतो, नाही तर 'कोर्टाची भानगड कशाला' म्हणून परस्पर निकाल लावतो. चकमकीचा जन्म बऱ्याचदा इथे होतो, आणि हे मुंबईच्या वाचकाला अधिक उलगडून सांगायला नको.

हैतीत पोलिसांवर जेवढा खर्च झाला त्याच्या मानाने कोर्ट आणि तुरुंग उपाशी राहिले. तिथल्या दर दहा कैद्यांतले आठएक जण खटला न चालताच आत होते. मार्च २०२४ मध्ये टोळ्यांनी राजधानीतले दोन मोठे तुरुंग फोडले आणि चार हजारांहून अधिक कैदी पळाले. कित्येक वर्षांच्या अटका एका शनिवार-रविवारात पुसल्या गेल्या.

देणगीदार देश हे जाणत नाहीत असं नाही. पण गाड्या मोजता येतात, गणवेश मोजता येतात, 'इतके पोलीस प्रशिक्षित' हा रकाना भरता येतो. न्यायाधीश निर्भय झाला का, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

जुन्या पोलिसांना सरसकट घरी का पाठवत नाहीत?

यात दोन्हीकडून आग आहे. जुने ठेवले तर अत्याचार करणारेच पुन्हा ठाण्यात बसतात. सगळे काढले तर हत्यार चालवता येणारी हजारो माणसं बेकार होऊन रस्त्यावर येतात, आणि अनुभव शून्यावर येतो.

मधला मार्ग म्हणजे पडताळणी. आपल्याकडे पासपोर्टसाठी पोलीस आपली पडताळणी करतात. इथे पोलिसांचीच करायची. बोस्नियात संयुक्त राष्ट्रांनी २००२ पर्यंत एकेका पोलिसाची कुंडली काढली: युद्धात कुठे होता, कुणाच्या बळकावलेल्या घरात राहतो, प्रमाणपत्र खरं की खोटं. शेकडो जणांना कायमचं अपात्र ठरवलं. काम धाडसाचं होतं, पण एक मोठी खोच राहिली. अपात्र ठरलेल्याला नीट अपील करायची सोयच नव्हती, आणि निकाल देणारी मोहीम २००२ च्या अखेरीस गाशा गुंडाळून गेली. पुढची कित्येक वर्षं ही माणसं न्यायालयांचे दरवाजे ठोठावत राहिली. कायद्याचं राज्य शिकवायला आलेल्यांनी स्वतःच्या निकालावर दाद मागायची वाट ठेवली नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत खटकणारं वाटतं.

एल साल्वादोरने वेगळी वाट धरली. १९९२ च्या शांतता करारात जुनी दलं बरखास्त करून नवं राष्ट्रीय नागरी पोलीस दल उभारायचं ठरलं. प्रमाणही ठरलं: २० टक्के माजी गनिमी लढवय्ये, २० टक्के जुने पोलीस, ६० टक्के असे की जे कोणत्याच बाजूने लढलेले नाहीत. कल्पना उत्तम होती आणि दल उभंही राहिलं. पण जुनं मोडून नवं उभं राहीपर्यंतच्या काळात गुन्हेगारीने जो जोर धरला, तो पुढे टोळ्यांच्या रूपाने देशाच्या मानगुटीवर बसला. मार्च २०२२ पासून तिथे आणीबाणी लागू झाली आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय माणसं उचलणं पुन्हा सुरू झालं. म्हणजे गाडी फिरून जवळपास पहिल्या स्थानकाशी.

पूर्व तिमोरमध्ये इंडोनेशियाच्या काळात नोकरी केलेल्या काही स्थानिक पोलिसांना नव्या दलात घेतलं. अनुभवी माणसं मिळाली, पण स्वातंत्र्यासाठी डोंगरात लढलेले सैनिक म्हणाले, 'हे तर शत्रूचे नोकर.' ही आग आतून धुमसत होती. २००६ मध्ये भडका उडाला. राजधानी असलेल्या दिली या शहरात पोलीस दल विस्कटलं, आणि २५ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली निःशस्त्र बाहेर पडणाऱ्या पोलिसांवर त्यांच्याच देशाच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. अनेकजण जागीच मेले. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. यानंतर संयुक्त राष्ट्रांनी पोलिसांचं काम पुन्हा हातात घेतलं आणि २००९ पासून ते एकेका जिल्ह्याने परत सोपवत २०११ पर्यंत पूर्ण केलं. ही दुसरी खेप जास्त शहाणपणाची होती.

पगाराचं काय?

या विषयावर परिषदा भरतात तेव्हा पगाराचा मुद्दा कंटाळवाणा म्हणून शेवटी येतो. माझ्या मते तो पहिला असायला हवा.

अफगाणिस्तानात पोलिसांचे पगार देण्यासाठी २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय निधी काढला होता. पैसे निघत होते काबूलमधून, पण ते वरिष्ठांच्या हातून हातात झिरपत खाली यायचे. २००९ मध्ये वर्दक प्रांतात एक छोटा प्रयोग झाला: मोजक्या पोलिसांचा पगार थेट मोबाइल फोनवर पाठवायचा. पगार पोहोचला तेव्हा कितीजणांना वाटलं, आपल्याला बढती मिळाली की काय. पगार तेवढाच होता, पहिल्यांदाच पूर्ण हातात आला होता इतकंच. शिवाय यादीतली काही नावं अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं. आणि वरचे साहेब? एका कमांडरने म्हणे आपल्या माणसांचे फोनच मागून घेतले.

आता त्या शिपायाच्या जागी बसून पाहा. पगाराचा तिसरा हिस्सा साहेब खातो, बदली टाळायला वेगळे पैसे, घर चालवायचं ते नाक्यावरच्या ट्रकवाल्याकडून घेऊन. मानवी हक्कांचं व्याख्यान तो ऐकतो, प्रमाणपत्र घेतो आणि नाक्यावर जाऊन उभा राहतो. अफगाण सैन्य आणि पोलीस मिळून अमेरिकेने ऐंशी अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले तेव्हा कितीतरी चौक्या एकही गोळी न झाडता रिकाम्या झाल्या. त्यांच्या भित्रेपणावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. महिनोन् महिने न मिळालेल्या पगारावर फारच कमी.

ही नव्या रूपातली वसाहतशाहीच नाही का?

शंका रास्त आहे. लोकांना छळणारी पोलीस दलं परक्यांच्या शिकवणीतूनही तयार झालेली आहेत. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने अनेक देशांच्या पोलिसांना प्रशिक्षण दिलं. त्या पोलिसांच्या छळाच्या कहाण्या इतक्या बाहेर आल्या की १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनेच कायदा करून परदेशी पोलिसांना मदत देणं थांबवलं. नंतर त्यात अपवादांच्या खिडक्या उघडत गेल्या, ती गोष्ट वेगळी.

केनियाचं उदाहरण ताजं आहे. केनियाच्या पोलिसांची पहिली तुकडी हैतीत उतरली ती २५ जून २०२४ रोजी. त्याच दिवशी नैरोबीत करवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर केनियाच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. दुसऱ्याला शिकवायला निघालेल्याचं घर कसं आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याआधी, जानेवारीत, केनियाच्याच उच्च न्यायालयाने ही रवानगी घटनाबाह्य ठरवली होती. मग दोन देशांत करार करून वाट काढली गेली. ठरलेल्या अडीच हजारांपैकी निम्मेही पोलीस हैतीत कधी पोहोचले नाहीत.

पण याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सिएरा लिओनमध्ये दिसते. तिथे अध्यक्ष कब्बा यांनी १९९९ मध्ये चक्क एका ब्रिटिश माणसाला, कीथ बिडल यांना, पोलीस महानिरीक्षक नेमलं. जुन्या वसाहतीने जुन्या साहेबाला बोलावून ठाण्याच्या किल्ल्या द्याव्यात, हे वाचूनच कसंतरी होतं. तरी तिथल्या अनेकांना ते पटलं होतं, कारण बाहेरच्या माणसाचं कुठल्या टोळीशी, कुठल्या पक्षाशी नातं नव्हतं. बिडल यांच्या काळात बलात्कार आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारींसाठी वेगळे कक्ष निघाले. २००३ मध्ये त्यांनी स्थानिक अधिकाऱ्याकडे सूत्रं दिली आणि ते गेले. मला इथे फरक दिसतो तो बोलावण्यात. ज्यांनी त्यांना आणलं त्यांना ते काढताही आले असते. हैतीत बहुतेक वेळा हा निर्णय न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये झाला.

यात आपला काय संबंध?

आहे, आणि तो अभिमान वाटावा असा आहे. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराहून थोड्या अधिक महिलांची तुकडी लायबेरियात उतरली. फक्त महिलांची अशी आख्खी पोलीस तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात पहिलीच. या महिला राजधानी मोनरोव्हियात अध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा करायच्या, रात्रीची गस्त घालायच्या. नवनव्या तुकड्या येत राहिल्या आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे काम चाललं.

लायबेरियाच्या यादवीत बलात्कार हे हत्यार म्हणून वापरलं गेलं होतं. तक्रार पुरुषाकडे, तीही गणवेशातल्या पुरुषाकडे करायची, ही कल्पनाच तिथल्या बायकांना नकोशी होती. रायफल घेऊन उभ्या असलेल्या बायका रोज रस्त्यावर दिसणं याला त्यामुळे वेगळं वजन आलं. पण नुसत्या दिसण्याने भरती होत नाही. पोलिसात यायला शालेय शिक्षण पूर्ण हवं, आणि युद्धात मुलींची शाळा सुटलेली. म्हणून तिथे आधी मुलींना शाळा पूर्ण करून देणारे वर्ग काढले, मग भरती केली. भारतीय तुकडी परतली तोवर लायबेरियाच्या पोलिसांत महिलांचं प्रमाण सतरा टक्क्यांच्या आसपास पोहोचलं होतं. यात जाहिरात झाली आपल्या तुकडीची, आणि अर्धं काम केलं होतं त्या शाळेच्या वर्गांनी. दोन्ही खरं आहे.

मग कुठेच जमलं नाही का?

जमलं, पण अर्धमुर्धं. बोस्नियात एक छोटी गोष्ट कमालीची यशस्वी झाली. गाड्यांच्या नंबरप्लेटवरून चालक कुठल्या समाजाचा ते कळायचं आणि नाक्यावर त्याला अडवलं जायचं. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांनी नव्या सारख्या प्लेट आणल्या, ज्यांत फक्त रोमन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरं होती. गाडी कुठली ते कळेनासं झालं, आणि लोक देशभर फिरू लागले. एकाही पोलिसाला व्याख्यान न देता पोलिसांचं वागणं बदललं.

कोसोवोचं पोलीस दल या सगळ्या प्रयत्नांतलं चांगल्यापैकी मानलं जातं. १९९९ च्या सप्टेंबरात वुशत्री इथे पोलीस शाळा उघडली. एकाच वर्गात अल्बेनियन, सर्ब, महिला, माजी लढवय्ये बसले. शाळेनंतर लगेच मोकळं न सोडता परक्या पोलिसांसोबत रस्त्यावर उमेदवारी करावी लागायची. २००४ च्या दंगलीत दल डगमगलं, तरी टिकलं. आणि तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तर कोसोवोतल्या सुमारे सहाशे सर्ब पोलिसांनी एकदम राजीनामे दिले. कारण? पुन्हा नंबरप्लेट. कोसोवो स्वतःला स्वतंत्र देश म्हणवतो, सर्बियाला ते मान्य नाही. सर्बियाच्या जुन्या प्लेट बदलण्याची सक्ती करायला तिथल्या वरिष्ठ सर्ब अधिकाऱ्याने नकार दिला, त्याला निलंबित केलं, आणि बाकीचे गणवेश उतरवून बाहेर पडले. शिक्षण उत्तम, पगार वेळेवर, तेवीस वर्षांची मेहनत. पण आपण कुठल्या देशाचे पोलीस, याचं उत्तर शाळेत शिकवता आलं नव्हतं.

हैतीच्या नव्या दलाकडे काय म्हणून पाहायचं?

साडेपाच हजार या आकड्याकडे कमी पाहावं. टोळ्यांना मागे रेटायला तेवढी माणसं लागतीलही. राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या हाती असताना सल्लागार पाठवून उपयोग नाही, हे उघड आहे. खरी कसोटी मागच्या फळीची आहे. हैतीतले कितीतरी पोलीस नोकरी सोडून गेलेत, काहीजण अमेरिकेच्या २०२३ च्या विशेष प्रवेश योजनेतून देशाबाहेर. उरलेल्यांना पगार वेळेवर मिळतो का, फोडलेल्या तुरुंगांच्या जागी काय उभं राहतं, पकडलेल्या टोळीवाल्यावर खटला चालवायला न्यायाधीश मिळतो का, आणि पोलीस प्रमुख कोण, कुणाच्या मर्जीने नेमला जातो, या बातम्या शोधून वाचाव्यात. पहिल्या पानावर त्या येणार नाहीत.

नव्या दलाला पहिली मुदत बारा महिन्यांची मिळाली आहे. बोस्नियात संयुक्त राष्ट्रांचे पोलीस सात वर्षं होते, आणि ते गेल्यावर युरोपीय संघाचे आणखी साडेनऊ.